काही केलं नाही तर घाबरता कामून?

आमच्या गडचिरोलीकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ज्याने काही केलं नाही त्याला भीती कशाची? देशासाठी पोलिसांना कोणाचाही फोन ऐकू द्या. परवानगीच्या कागदांत नक्षली निसटतात. अन् प्रायव्हसी हे पुण्या-मुंबईवाल्यांचं खूळ. खाली तिरंगा आणि 'पुढे पाठवा'.

1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला, 15 जवान आणि गाडीचा चालक गेले. पाळतच नको म्हणणारा इकडे शोधून सापडायचा नाही. मीही तसं म्हणत नाही. पाळत ठेवणाऱ्यांवर लक्ष कोणाचं, एवढंच विचारतो.

आधी 'काही केलं नाही' घेऊ. समजा, तेंदूपत्त्याच्या हंगामात फळीवरच्या, म्हणजे पानं गोळा होतात तिथल्या, मुन्शीला अनोळखी नंबरवरून फोन आला, 'ठेकेदाराला पैसे तयार ठेवायला सांग.' त्याने घाबरून फोन ठेवला. कॉल रेकॉर्डमध्ये काय उरलं? कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या टॉवरवरून. धमकी होती की ख्यालीखुशाली, ते त्यात नसतं. टॉवरचं तर विचारूच नका. शहरात टॉवर जवळजवळ असतात, माणूस कोणत्या भागात होता ते बऱ्यापैकी कळतं. इकडे एकाच टॉवरवर कितीतरी गावं अन् मधलं जंगल. रानातून फोन लावणारा आणि ओसरीत बसलेला म्हातारा, दोघांचं लोकेशन एकच. त्यात सिम बापाच्या नावावर, फोन पोराच्या हाती. म्हणजे काही न केलेल्यालाच आधी ठाण्यात उत्तर द्यावं लागतं, अन् त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी.

कागदांत वेळ जातो म्हणे! फोन ऐकायचा आदेश राज्यात गृहसचिव देतात. पण 2024 च्या नियमांत दुर्गम भागासाठी आणि तातडीसाठी वाट मोकळी आहे: यंत्रणेचा ठरलेला वरिष्ठ अधिकारी आधी ऐकणं सुरू करू शकतो, कळवायला कामाचे 3 दिवस, मंजुरीला कामाचे 7 दिवस. कागद मागून येतो. मग निसटलं कोण?

'फक्त देशद्रोह्यांचेच फोन ऐकतात' असंही त्या मेसेजात आहे. नाना पटोले आपल्या शेजारच्या भंडारा-गोंदियाचे खासदार होते, तेव्हा त्यांचा फोन 'अमजद खान' या नावाने टॅप झाला, असा आरोप त्यांनी 2021 मध्ये विधानसभेत केला. 2022 ला पुण्यात गुन्हा नोंदला गेला, 2023 ला हायकोर्टाने तो रद्द केला. दोष कोणावर सिद्ध झाला नाही, तो मी कोणाच्या माथी मारत नाही. पण खासदाराला हे कळायला काही वर्षं लागली. मुन्शीला कधी कळणार?

शहरी खुळाबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. त्यात पिनकोड विचारलेला नाही. आमच्या आशाताईच्या फोनमध्ये कोण गरोदर, कोणाला टीबी, सगळं असतं.

राहिली तपासणी. आदेशांची छाननी करणाऱ्या राज्याच्या समितीत मुख्य सचिव आणि दोन सचिव, न्यायाधीश एकही नाही. ब्रिटननेही दहशतवाद पाहिलाय, तरी 2016 च्या कायद्याने तिथे मंत्र्याच्या वॉरंटला न्यायिक आयुक्ताची, म्हणजे आजी किंवा माजी वरिष्ठ न्यायाधीशाची, मान्यता लागते. आमची मागणी तेवढीच आहे, दुसरी सही न्यायाधीशाची.