पट्टीची आई

माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा डावा डोळा आळशी आहे, असे रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगताच सासूबाईंनी तो गुण माझ्या माहेरच्या खात्यावर मांडला. प्रत्यक्षात उजव्या डोळ्याचा नंबर अधिक १ आणि डाव्याचा अधिक ५ होता. डाव्याकडून सारखी धूसर चित्रे येत असल्यामुळे मेंदूने त्याचे टपाल उघडणेच सोडून दिले होते. आधी चष्मा लागला, आणि काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज २ तास पट्टी लावायचे ठरले. सात-आठ वर्षांच्या आत केलेले उपचार अधिक फळतात, हेही त्यांनी बजावले.

"दिसते तो झाकायचा अन् दिसत नाही तो उघडा ठेवायचा, हे कोण्या गावचं शास्त्र?" या सासूबाईंच्या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर दिले. समजून घेण्यात मी पट्टीची आहे.

लावण्याचे मात्र तसे नाही. नागपुरात जूनमध्ये पाऊस येईपर्यंत माणसाला स्वतःची कातडी नकोशी होते, तिथे ही वरून चिकटवलेली. दहाव्या मिनिटाला घामाने नाकाजवळचा कोपरा सुटे आणि चिरंजीव त्या फटीतून निवांत कार्टून पाहत. पाहुणे आले की पट्टी आजीच काढी. लग्नाच्या फोटोसाठी, खरे सांगायचे तर, मीही काढली. एकदा कूलरमध्ये पाणी भरताना त्याच्या मागच्या बाजूला ओळीने चिकटवलेल्या पाच पट्ट्या सापडल्या. त्या महिन्यात कूलरची दृष्टी नक्की सुधारली असावी.

रोजचा वेळ तक्त्यात लिहायचा होता. तो मी तपासणीच्या आदल्या रात्री, निळ्या आणि काळ्या अशा दोन पेनांनी, खरेपणासाठी अधूनमधून 'दीड तास' आणि एका ठिकाणी 'ताप' असे लिहीत मन लावून भरला.

डॉक्टरीणबाईंनी आधी मुलाला अक्षरे वाचायला लावली. तो मागच्याच ओळीवर अडला. मग तक्ता पाहून त्या म्हणाल्या, "ताई, मेहनत दिसते. फक्त जूनला ३१ तारीख नसते."

त्या रागावल्या नाहीत, हे अधिक लागले. त्यांनी जुलैचा कोरा तक्ता दिला आणि सांगितले, "आता पेन नको. वापरलेली पट्टी त्या त्या तारखेच्या चौकटीत यानेच चिकटवायची."

कूलरवरच्या पाच चालतील का, हे मी विचारले नाही.