सा नसलेला सी

परवा जॅझच्या क्लासात सर म्हणाले, "सी नाईनमधला सी काढा." सी नाईन ही कॉर्ड, म्हणजे एकदम दाबायचे पाच सूर. सी काढला. उरले ई, जी, बी फ्लॅट, डी. "आता ही कुठली कॉर्ड?" मी घोकलेलं ओकलो : ई हाफ डिमिनिश्ड. "चूक. सी नाईनच." "पण सर, सी कुठाय?" "तो बेसवाला वाजवेल." क्लासात बेसवाला, म्हणजे खालचे सूर धरणारा, नव्हता. बारा वर्षांची एक मुलगी होती, ती फिस्सकन हसली. महिन्याची फी भरून हे!

घरी इन्व्हर्जन्स घोटायला बसलो. खालचा सूर उचलून वरच्या सप्तकात ठेवायचा, की झालं. पण पहिल्याच इन्व्हर्जनला बी फ्लॅट, सी आणि डी लोकलच्या चौथ्या सीटसारखे खेटून बसतात. चार वेळा दाबलं, तोच बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका. भजनी मंडळात पेटी वाजवतात.

"काही पडलं का रे?"

"जॅझ आहे काका."

"सूर सांग." सांगितले. त्यांनी डोळे मिटून पांढरी एकचा, म्हणजे माझ्या सीचा, सा धरला. "सा, ग, प, कोमल नी, रे. बरं. एवढेच?"

इथे मी फुशारकी मारली. म्हटलं, थर्टीन्थ या आणखी मोठ्या कॉर्डला म आणि ध पण येतात.

"अरे, हा अख्खा खमाज थाट, सातही सूर, एकदम दाबलास की! रांगेत उभं राहा म्हणावं. एकेकाला बोलू दे."

"म बहुतेक गाळतात. ग शी भांडतो."

"भांडणारच. शेजारी ना." माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "आणखी काय गाळतात?"

"प. आणि सा."

काका खुर्चीत बसले. "अचल, कधी न हलणारे स्वरच काढलेस? घरातली कर्ती माणसं हाकलून पोरांवर संसार?"

"सा बेसवाला वाजवतो."

"कुठाय तो?"

"गृहीत धरायचा." आवाज थेट सरांचा निघाला. चहा न घेता गेले.

पाचच मिनिटांत जमिनीखालून पेटीचा सा आला, लांबलचक. मी चिडून ई, जी, बी फ्लॅट, डी दाबले आणि काय सांगू, सी नाईन! लख्ख. सरांचं खरं निघालं, याचा जास्त राग आला.

सा तिथे थांबला असता तर ठीक होतं. त्याला अभंग लागला, मग गजर, मग टाळवाले आले. सव्वाअकरापर्यंत. त्यांची बेल कोणी वाजवली नाही. रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती. ती उठवा म्हणून कोण गेलं होतं, कोण जाणे.