चाळिसावं खोकं

त्या रायफलीवर इंग्लंडच्या राजाचा मुकुट कोरलेला होता, खाली 'इशापूर' आणि त्याच्या खाली 1942. म्हणजे सगळा देश 'चले जाव' म्हणत होता त्या वर्षी ही बाई बंगालमधल्या कारखान्यातून बाहेर पडली. सत्तेचाळीस वर्षांनी, 1989 च्या डिसेंबरात, एनसीसी कॅम्पच्या फायरिंग रेंजवर पालथा पडून मी तिच्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याला, तेच सांगत होतो. तो जायला तयार नव्हता.

मुळात ही थ्री नॉट थ्रीची रायफल. मोठ्या लढाईसाठी जन्मलेली. पुढे पोरांच्या सरावासाठी तिला पॉइंट टू टू करून टाकलं. नळी आतून बारीक झाली, मॅगझिनच्या पोटातली स्प्रिंग काढून टाकली, आणि बोल्टचं तोंड बदललं. तोंड बदलावंच लागतं, कारण मोठ्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोला बसतो, तर या बारक्या काडतुसाची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो. पिनने काठावर मारायचं. बाकी देह तोच, जवळपास चार किलोचा. त्यातून सुटणारी गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास. हत्तीवरून कोथिंबीर आणायला जावं तसा प्रकार.

मॅगझिनच्या रिकाम्या पेटीचा एक उपयोग मात्र उरला होता. बोल्ट मागे ओढला की उडालेलं खोकं, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर निघून त्या पेटीत पडायचं. (हल्ली 'खोके' म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं. मी पितळेच्या, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक खोक्यांबद्दल बोलतोय.) फायरिंग संपलं की खोकी मोजून परत करायची. गोळी कुठे का लागेना, खोकं परत आलं पाहिजे. आमचे उस्ताद, साताऱ्याकडचे हवालदार, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "गोली दुश्मन की, खोका सरकार का." ऑर्डर हिंदीत आणि शिव्या मराठीत, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून घेतली होती.

आमच्या डिटेलमध्ये, म्हणजे एका वेळी फायरिंग करणाऱ्या तुकडीत, आठ जण, प्रत्येकी पाच गोळ्या. पहिल्या गोळीपासूनच माझा बोल्ट बंद होताना कुरकुरत होता. मला वाटलं, वय झालंय. माझ्या आजीचे गुडघेही असेच वाजायचे. चौथ्या गोळीला हँडल खाली दाबायला तळहाताचा जोर लागला. पाचवी सुटली आणि हँडल वर उचलायला गेलो, तर ते चिकटलं. देवघराची खिटी पावसाळ्यात फुगते तसं. मी ओढलं, ढकललं, मनातल्या मनात मारुतीस्तोत्राचा अर्धा भाग म्हटला. मग नियमाप्रमाणे नळी निशाणाकडेच ठेवून हात वर केला.

उस्ताद येईपर्यंत आजूबाजूच्या तज्ज्ञांनी खालच्या आवाजात सल्ले सुरू केले. एक म्हणाला, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडतात तसा झटका दे. दुसऱ्याने बूट मारायला सांगितलं. सायन्सवाला म्हणाला की गरम झाल्यामुळे धातू प्रसरण पावलाय, थंड होऊ दे. तो बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास झाला होता, म्हणून मी त्याचंही ऐकलं नाही.

उस्तादांनी मला उठवून मागे उभं केलं, रायफल होती तशीच निशाणाकडे तोंड करून ठेवली, आणि आधी बाकीच्या सातांच्या रायफली खाली करून घ्यायला गेले. तिकडे कोत एनसीओ, म्हणजे हत्यारांची खोली सांभाळणारा, खोकी मोजत होता. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. एकोणचाळीस.

"एक खोका कम है!"

मी म्हणालो, "सर, ते—"

"बीच में नहीं बोलना!"

आठ जणांपैकी सात जण गवतात रांगायला लागले. शेंगांची टरफलं निघाली, विडीची थोटकं निघाली, एक पाच पैशांचं नाणं निघालं. चाळिसावं खोकं निघालं नाही. कसं निघणार? ते माझ्यासमोर दोन फुटांवर, नळीच्या घरात, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेत, आरामात बसलं होतं. मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, दुसऱ्यांदा गप्प केला गेलो. तिसऱ्यांदा उघडणार, इतक्यात माझी नजर बोल्टच्या हँडलकडे गेली.

या रायफलींचा नंबर दोन ठिकाणी असतो, अंगावर आणि बोल्टच्या हँडलच्या मागे. दोन्ही जुळावे लागतात, कारण बोल्ट त्या-त्या रायफलीला मापाने बसवलेला असतो. माझ्या रायफलीच्या नंबराच्या शेवटी 71 होते. बोल्टवर 17.

आदल्या रात्री साफसफाईला शेजारच्या कॉमर्सवाल्याची रायफलही माझ्याकडेच होती, कारण तो दुसऱ्यांदा शिरा घ्यायला गेला होता. एकाच पोत्यावर दोन रायफली, दोन बोल्ट, एक कंदील. दोन्ही बोल्ट प्रेमाने तेलाच्या चिंधीने पुसले होते. कोणाचा कुठे गेला ते आत्ता कळलं. तिसऱ्यांदा उघडलेलं तोंड मी मिटलं. सात जण रांगत होते, रांगू दिले.

शेवटी उस्ताद रायफलीकडे वळले. तेलाचे दोन थेंब सोडले, जरा थांबले, आणि तळहाताच्या टाचेने हँडलला खालून एकच ठोसा दिला. हँडल वर आलं, बोल्ट मागे सरकला, आणि काजळी-मेणाने माखलेलं चाळिसावं खोकं टुणकन पेटीत पडलं. या गोळ्यांना मेणाचा लेप असतो, तो घरात साचतो. नळीतून पुल-थ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली दोरी, ओढली म्हणजे घर साफ झालं, असं नसतं. हे त्यांनी मला सांगितलं. मराठीत सांगितलं, त्यावरून काय ते समजा.

मग त्यांनी बोल्ट बाहेर काढून उजेडात धरला. नंबर वाचला. रायफलीचा वाचला. पुन्हा बोल्टचा वाचला.

"काल सफाई कुणी केली?"

रजिस्टर आणलं गेलं. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं. दोन्ही रायफलींपुढे मोत्यासारखी सही.

उरलेल्या कॅम्पात उस्तादांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए सतरा-एकाहत्तर" म्हणायचे. रोज संध्याकाळी आठही रायफलींचे नंबर मोठ्याने वाचायचे, बोल्टसकट, हे माझं काम. सात जणांनी गवताचा सूड म्हणून माझ्या वाटणीचा शिरा पाच दिवस खाल्ला.

कॉमर्सवाल्याची रायफल मात्र त्या दिवशी लोण्यासारखी चालली होती. त्याच्या पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. समारोपाला बेस्ट फायररचा कप त्याला मिळाला. तो कप अजून त्याच्या दिवाणखान्यात आहे. गेलो की मी तो हातात घेतो, पुसतो, आणि त्याच्या बायकोला दरवेळी सांगतो, "वहिनी, यातला बोल्ट माझा होता."