बॅगा सांभाळणाऱ्याची गडफेरी

लग्न ठरवताना लोक मुलगी बघतात, घर बघतात, पत्रिका बघतात, पण मुलीचा भाऊ रविवारी पहाटे साडेचारला काय करत असतो हे कोणीच विचारत नाही. माझा मेहुणा त्या वेळी दुसऱ्यांना उठवत असतो. पाऊस सुरू झाला की त्याच्या अंगात येतं, आणि ह्या जुलैत जेवता जेवता म्हणाला, दाजी, कोरीगडला जाऊया, एकदम सोप्पा आहे, लहान पोरंपण चढतात. हे लहान पोरांचं उदाहरण मला कधीच पटलेलं नाही. लहान पोरं दिवसभर सोफ्यावरून उड्यापण मारतात, त्यांचे गुडघे नवे असतात.

तसं गडावर जायला माझी ना नसते. घरात माझं एक पद ठरलेलं आहे. अर्ध्या वाटेत बरासा सपाट दगड हेरायचा, त्यावर बसायचं आणि म्हणायचं, तुम्ही जाऊन या, मी बॅगा सांभाळतो. ह्याला कोणी हरकत घेत नाही, उलट बरं वाटतं लोकांना. सिंहगड, लोहगड, तिकोना, सगळे मी असे अर्धे अर्धे पाहिलेत आणि अर्ध्यापर्यंतची माहिती माझ्याइतकी कोणाला नसेल. लोक ज्या वाटेने वर जातात त्याच वाटेने खाली येतात ह्या एका गोष्टीवर माझं सगळं चाललेलं होतं. कोरीगडला नेमकी तीच गोष्ट नाही. त्याची तटबंदी अजून जवळपास पूर्ण शाबूत आहे, साधारण दीड-दोन किलोमीटरचा घेरा, आणि लोक तटावरून चालत अख्खा गड गोल फिरतात. म्हणजे मध्येच कुठे बसलात तर परत येताना तुम्हाला उचलायला कोणी येणारच नाही, ते पुढून घरी जाणार.

लोणावळ्यात भुशी डॅमच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला ते सोडा, ते दुःख सगळ्यांचं सारखंच आहे. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर पेठ शहापूर, गडाच्या पायथ्याचं गाव. आधी झाडीतून सपाट वाट, पायवाट कसली, ओढाच, शूज पहिल्या पाच मिनिटांत गेले. मग पायऱ्या लागतात. पाच-सहाशे असतील, मोजायच्या नाहीत असं मेहुण्याने बजावलं होतं, कारण मोजल्या की जास्त वाटतात म्हणे. मी शंभरनंतर मोजणं सोडलं, ते त्याचं ऐकून नाही, आकडा म्हणायला श्वास उरेना म्हणून.

वाटेत पुण्याचा एक ट्रेक ग्रुप होता, चाळीसेक पोरंपोरी, सगळ्यांना एकसारखे टीशर्ट. अशा ग्रुपमध्ये सगळ्यात मागे एक जण ठेवलेला असतो, बॅक लीड, रेंगाळणाऱ्यांना हाकायला. त्यांच्यातलं कोणी रेंगाळत नव्हतं म्हणून की काय त्याने मलाच धरलं. काका, सावकाश, आपल्याला घाई नाहीये. काका, नाकाने श्वास घ्या. काका, पाणी घोट घोट. मी ग्रुपचा नाही हे सांगायला तोंड उघडलं की तो म्हणायचा, काका, बोलू नका, एनर्जी जाते. गुहेतल्या गणपतीपाशी त्याने मला शेंगदाण्याची चिक्की दिली आणि मी जरा वेळ खरंच त्या ग्रुपमध्ये जायचा विचार केला.

वर गणेश दरवाजा लागला तेव्हा माझं डोकं चालायला लागलं. फेरी गोल आहे ना, मग सगळे फिरून इथेच येणार, मग दरवाज्यातच बसलं तर? बसलो पण. बॅगा मांडल्या. तर तिथे रील काढणाऱ्यांची लाइन. एक मुलगी फेटा बांधून दरवाज्यातून स्लो मोशनमध्ये येणार आणि मागे मी, पोंचो घालून, केळं खात. तिने फार गोड विनंती केली. दुसरीनेही केली. तिसऱ्या वेळी बायकोच म्हणाली, अहो, उठा हो, सगळ्यांच्या व्हिडिओत येताय.

म्हणून तटावर. बाजूला दरी, समोर सगळं पांढरं. कोरीगडावरून तुंग, तिकोना, राजगड, तोरणा, प्रबळगड असं काय काय दिसतं, खाली ॲम्बी व्हॅलीची धावपट्टीसुद्धा. मेहुण्याने ते सगळं दाखवलं. ढगात बोट करून, अँगल बदलून बदलून, हा तुंग, त्याच्या उजवीकडे तिकोना, आणि तो टोकाचा दिसतोय ना तो मोरगिरी. बायको हो हो म्हणत होती. ह्या बहीणभावांचं लहानपणापासून असंच आहे.

वारा असा की पोंचो उलटा होऊन तोंडावर, आणि तट काय तेवढा रुंद नाही की डोळे झाकून चालावं. एका बुरुजापाशी मी म्हटलं, आता परत फिरतो. मेहुणा म्हणाला, दाजी, आपण बरोब्बर अर्ध्यावर आहोत, मागे तेवढंच, पुढे तेवढंच. आता त्या धुक्यात अर्धं कुठे ह्याला कसं कळलं? पण मग जिथून परत फिरावंसं वाटतं तिथेच अर्धं येतं असा ह्या प्रकाराचा नियम असावा.

इतिहास त्याने तिथेच सुरू केला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोन्याबरोबर हा गड स्वराज्यात आणला. १८१८ च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथर चालून आला, तीन दिवस गड दाद देईना, शेवटी एक तोफगोळा दारूकोठारावर पडला आणि गड गेला. मार्चमध्ये आला ना, बघा, साहेबाला सीझन कळत होता.

पुढे कोराईदेवीचं मंदिर. मोठी, शस्त्रधारी, प्रसन्न मूर्ती, जवळच लक्ष्मी तोफ. तिथे टेकलो आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. देवीचे दागिने मुंबईला मुंबादेवीकडे गेले असं सांगतात. पुणे-मुंबई वादात हा मुद्दा आमच्या बाजूने कोणी का काढत नाही कळत नाही. तेवढ्यात ढग फाटला, फार तर अर्धा मिनिट, आणि खाली हिरवंगार पठार, दोन्ही तळी भरलेली, आणि पलीकडे खरोखर तुंग. मेहुण्याने दाखवला होता त्याच्या बराच डावीकडे. मी काही बोललो नाही, त्याने पण बोट खिशात घातलं.

उतरताना पायऱ्या जास्त झाल्या होत्या. खाली पोचलो, भजी सांगितली, चहा सांगितला, तर मेहुणा गायब. बघतो तर पार्किंगमध्ये गाडीभोवती गोल गोल चालतोय, नजर मनगटावरच्या घड्याळावर. घड्याळ म्हणत होतं ४.८ किलोमीटर, ह्याला पाच पाहिजे होते, ॲपवर टाकायला बरं दिसतं. थोड्या वेळाने बायकोपण मागून फिरायला लागली, तिच्याही मोबाईलमध्ये काहीतरी कमी पडत होतं. पार्किंगच्या पावत्या फाडणारे मामा बराच वेळ बघत होते, शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, पावनेंचं काय हरवलंय का?"

मी म्हटलं, "दोनशे मीटर."