‘फौजेचं मॅगझिन म्हणजे सोनं’ हे कुणी सांगितलं?

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला आठ-दहा जणांनी पाठवला. पाठवणारे बहुतेक आपलेच, लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडचे निवृत्त जवान. पेन्शन सुरू झाल्यावर परवान्यावर .३१५ रायफल घेतली आणि कॅश व्हॅनवर किंवा बँकेच्या दारात गनमन म्हणून लागले, असे. मजकुरात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. फौजेतून निघालेलं रायफलीचं जुनं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायचा डबा, डोळे झाकून घ्या, बाहेरच्या कारखान्याचं नवं मॅगझिन म्हणजे कचरा. एका बोअरचं (नळीच्या मापाचं) मॅगझिन त्या बोअरच्या कुठल्याही रायफलला चालतं. टक्क आवाज आला आणि हललं नाही की फिटिंग झालं. भरून ठेवलं की स्प्रिंग मरते, म्हणून जुन्याची स्प्रिंग ताणून घ्यायची. आणि शेवटी, मॅगझिन हा नुसता पत्र्याचा डबा आहे, त्याला परवाना-बिरवाना लागत नाही.

मी फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. माझी सगळी नोकरी हत्यारांच्या बेंचवर गेली. हा मजकूर वाचून गप्प बसवेना, कारण यातली एक गोष्ट माणसाला ऐन वेळी दगा देईल आणि दुसरी थेट पोलीस ठाण्यात नेईल.

पहिल्या दाव्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. फौजेसाठी मॅगझिन बनतं तेव्हा त्याचं ड्रॉइंग ठरलेलं असतं, माप तपासायला गेज असतं, तपासणारा माणूस वेगळा असतो आणि लॉट नापास होऊ शकतो. स्वस्तातल्या बाजारू मॅगझिनला यातलं काही नसतं. पत्रा पातळ, जोडावरचा वेल्डिंगचा खरबरीतपणा आतून तसाच सोडलेला, स्प्रिंग मऊ. तेव्हा कोऱ्या, कधीही इश्यू न झालेल्या फौजी मॅगझिनला मीही मान देतो.

पण ‘फौजेतून निघालेलं’ म्हणजे काय, हा विचार कुणी करत नाही. फौज चांगली वस्तू बाहेर काढत नाही, ती वापरते. मॅगझिन हा झिजणारा भाग आहे. रायफलीच्या आयुष्यात तिची कितीतरी मॅगझिनं बदलतात. रेंजवर भरलेलं मॅगझिन काँक्रीटवर पडतं, गाडीच्या चाकाखाली येतं, कुणीतरी त्याने खुंटी ठोकतं. माझ्या बेंचवर अशी मॅगझिनं यायची. कुणाच्या लिपा (काडतूस धरणाऱ्या वरच्या दोन कडा) फाकलेल्या, कुणाचा प्लॅटफॉर्म (काडतुसं वर उचलणारी आतली पट्टी) वाकडा, कुणाच्या अंगाला असा पोचा की आतला राऊंड, म्हणजे काडतूस, तिथे येऊन अडायचा. दुरुस्ती परवडत नाही असं ठरलं की ते बीईआर, म्हणजे ‘दुरुस्ती परवडत नाही’ असा शेरा मारून, बाद व्हायचं. म्हणजे जे बाहेर पडतं त्यात बाद झालेल्याचाच भरणा जास्त. ते सोनं कसं असेल?

आणि कोरं फौजी मॅगझिन तरी दर वेळी निर्दोष असतं का? आपल्याच इन्सास रायफलीचं घ्या. वीस राऊंडचं, आरपार दिसणारं प्लास्टिकचं मॅगझिन. आत किती राऊंड उरलेत हे बाहेरून कळतं, कल्पना उत्तमच होती. पण १९९९ च्या कारगिलच्या लढाईत, त्या थंडीत ही मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. ड्रॉइंग सरकारी, तपासणी सरकारी, तरीही. ज्या जवानाच्या हातात ते तडकलं त्याला सरकारी शिक्क्याचा काय उपयोग?

उलट बाजूही बघा. अमेरिकन एम-१६ घराण्याच्या रायफलींना मूळ सरकारी मॅगझिन ॲल्युमिनियमचं. हलकं, पण लिपा लवकर वाकणारं. आतला प्लॅटफॉर्म पुढे-मागे झुकायचा आणि राऊंड नाक खाली घालायचा. अमेरिकन फौजेने त्यासाठी प्लॅटफॉर्मची रचना एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बदलली. आधी काळा, मग हिरवा, मग २००९ मध्ये खाकी रंगाचा. याच काळात मॅगपुल नावाच्या खाजगी कंपनीने २००७ मध्ये पॉलिमरचं पीमॅग बाजारात आणलं. हे पक्कं ‘बाहेरचं’ मॅगझिन, मजकुराच्या भाषेत कचरा. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेच्या मरीन कोअरने तेच आपल्या जवानांना वापरायला मंजूर केलं. ब्रिटिश फौजेनेही एसए-८० रायफलीसाठी याच कंपनीचं मॅगझिन घेतलं. वस्तू सरकारी की खाजगी एवढ्यावर निकाल लागत असता तर या दोन फौजांनी असं केलं नसतं.

ब्रिटिशांच्या याच उदाहरणात दुसऱ्या दाव्याचंही उत्तर आहे. एम-१६ आणि एसए-८० या दोन्ही रायफली ५.५६ च्या आणि दोघींचं मॅगझिन एकाच नमुन्याचं समजलं जातं. तरी नेहमीचं पीमॅग एसए-८० च्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मॅगझिन बसायच्या खाचेत, नीट बसेना. कंपनीला त्यासाठी वेगळ्या अंगाचं इमॅग काढावं लागलं. लोक ज्याला ‘नाटो स्टँडर्ड मॅगझिन’ म्हणतात, त्याचा करारसुद्धा मसुदाच राहिला, कधी पक्का झाला नाही.

आपल्या जुन्या जवानांना जवळचं उदाहरण एसएलआर रायफलीचं. ही मूळची बेल्जियमची एफएएल. तिचे जगात दोन नमुने झाले, मेट्रिक आणि इंची. बोअर दोघींचा ७.६२, काडतूस तेच. पण मेट्रिक मॅगझिनच्या पुढच्या बाजूला पत्र्यातूनच उठवलेलं बारीक नाक असतं, आणि इंची मॅगझिनला जाड, वेगळा डाग देऊन बसवलेला ठोकळा. इंची मॅगझिन मेट्रिक रायफलीत जातच नाही. मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत जातं, पण ढिलं राहतं. नाकाएवढ्या धातूच्या तुकड्याने सगळं गणित बदलतं.

.३०३ रायफलीची, म्हणजे ली-एनफिल्डची, गोष्ट तर आणखी जुनी. ते दहा राऊंडचं मॅगझिन निघायचं, पण बदलत राहण्यासाठी नव्हे. भरायचं ते वरून, पाच-पाच राऊंड एकत्र धरणाऱ्या पट्टीने, म्हणजे चार्जर क्लिपने. सुरुवातीच्या ली रायफलींना तर मॅगझिन हरवू नये म्हणून साखळीच असायची. आर्मोरर प्रत्येक रायफलीला तिचं मॅगझिन हाताने बसवून, लिपा त्या बोल्टला (राऊंड पुढे ढकलणाऱ्या दांड्याला) जुळवून द्यायचा. दुसऱ्या रायफलीचं घातलं तर चालेलही आणि चौथ्या राऊंडला अडून रोकही देईल. नंबर एक आणि नंबर चार या दोन .३०३ रायफली शेजारी ठेवल्या तरी त्यांची मॅगझिनं सरळ अदलाबदल होत नाहीत.

आता .३१५ वाल्यांसाठी. आपल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या रायफलीची यंत्रणा ली-एनफिल्डच्या वळणाची आहे, म्हणून काहीजण म्हणतात की .३०३ चं मॅगझिन थोडं कानसून बसवू. अरे, काडतूस तर बघा. .३१५ ची केस (काडतुसाची पितळी नळी) ५० मिलिमीटरची, .३०३ ची ५६. .३१५ ची केस आखूड आणि बुडाला जाड. .३०३ च्या मॅगझिनमधला कोन, लिपांमधलं अंतर, पुढची मोकळी जागा, सगळं त्या लांब केससाठी. डब्यात मावलं म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) जाईल असं होत नाही.

निवडणुकीच्या आचारसंहितेत आपण हत्यारं ठाण्यात जमा करतो, तेव्हाही एक काळजी घ्यायची ती इथेच सांगतो. एकाच गावच्या दोन .३१५ शेजारी ठेवल्या की परत घेताना मॅगझिन बदलू शकतं. जमा करायच्या आधी पोहोचपावतीवर मॅगझिनची नोंद करून घ्या आणि परत आणल्यावर पुसून बघा. गोणपाटात महिनाभर राहिलेल्या पत्र्याला पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही.

तिसरा दावा टक्क आवाजाचा. याचं उत्तर मला तोंडी देण्यापेक्षा दाखवणं सोपं जातं. निलंग्याकडचा एक निवृत्त नाईक (फौजेतला हुद्दा), आता कॅश व्हॅनवर असतो, तोच मजकूर मोबाईलवर दाखवत घरी आला. म्हणाला, “उस्ताद, माझ्याकडं दोन मॅगझिनं हायेत. एक रायफलीसंगं आलेलं फॅक्टरीचं, एक परवान्यावाल्या कारागिराकडून पावतीनं करून घेतलेलं. फॅक्टरीचं टक्क बसतंय, दुसरं घट्ट जातंय. दुसरं टाकून देऊ का?”

मी म्हटलं, बस. खरी काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत कपाटात गेली. चेंबर दोघांनी बघितलं, बोट घालून बघितलं. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि डमी (बारूद नसलेले) राऊंड घेतले.

फॅक्टरीचं मॅगझिन खरंच छान टक्क बसलं. हललं नाही. पाच डमी भरले, बोल्ट सावकाश मागे-पुढे केला. पहिला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला बोल्टखालून राऊंडचं नाक वेळेआधी उसळलं आणि चेंबरच्या वरच्या काठाला टेकलं. रिकामं करून पुन्हा भरलं, पुन्हा तिसऱ्यालाच तेच. मॅगझिन काढून खिडकीच्या उजेडात समोरून धरलं. डाव्या लिपेचा पुढचा भाग उजवीपेक्षा केसभर वर होता. मापायचा व्हर्नियर लावला तर पुढचं आणि मागचं अंतर सारखं नव्हतं. आणि केसवर बघितलं तर डाव्या अंगाला पितळेवर ताजी लांब चरी उठलेली. राऊंड कुठे घासतोय ते केस स्वतः सांगत होती. “कधी पडलं होतं का?” असं विचारल्यावर नाईक जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “व्हॅनच्या पायरीवर, मागच्या दिवाळीत.”

कारागिराचं मॅगझिन घालताना तळहाताने दाबावं लागलं, आणि कॅच (मॅगझिन अडकवून धरणारी खीळ) सोडल्यावर ते आपसूक खाली आलं नाही, ओढून काढावं लागलं. हा दोषच आहे. पण राऊंड? पाचही सरळ गेले. परत भरले, परत गेले. बोल्ट जोरात मारला, तरी गेले. अंगावर काळ्या मार्करचा हात फिरवून घालून काढलं तर उजव्या मागच्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी शाई पुसली गेली. घासत होतं ते तेवढंच.

म्हणजे टक्क आवाज करणारं मॅगझिन तिसऱ्या राऊंडला अडत होतं आणि कुरकुर करणारं चालत होतं. कॅचचा आवाज एवढंच सांगतो की मॅगझिन खाली पडणार नाही. राऊंड किती उंचीवर, कोणत्या कोनात बोल्टसमोर येतो हे लिपा, प्लॅटफॉर्म आणि स्प्रिंग ठरवतात. आणि .३१५ सारख्या रिमवाल्या, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेल्या, काडतुसात भरणाऱ्याचा हातही ठरवतो. वरच्या राऊंडची रिम खालच्याच्या रिमेच्या पुढे हवी. मागे राहिली तर जगातलं सगळ्यात चांगलं मॅगझिनही रोक देईल, आणि दोष मॅगझिनच्या माथी जाईल.

स्प्रिंगबद्दल थोडक्यात. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली म्हणून मरत नाही. ती थकते ती पुन्हा पुन्हा दाबल्या-सुटल्याने, क्षमतेपेक्षा एक राऊंड जास्त कोंबल्याने आणि गंजाने. हाताने ताणलेली स्प्रिंग चार दिवस तरतरीत वाटते आणि मग होती तिथे येते, कधी वाकडी होऊन येते. बदलायचीच असेल तर स्प्रिंग बदला. आपल्याकडे स्प्रिंगचा खरा वैरी वेगळा आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी उडते, आणि मॅगझिनमध्ये शिवणयंत्राचं तेल ओतलेलं असलं की ती आत बसून चिखल होतो. प्लॅटफॉर्म त्या चिखलात रुततो. मॅगझिन आतून कोरड्या कापडाने पुसा, तेलाचा नुसता हात फिरवा, ओतू नका.

राहिला शेवटचा दावा, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भाग येतात. मॅगझिन हा रायफलीचा भाग आहे. .३०३ आणि ७.६२ ही फौजी बोअरची रायफल साध्या परवान्यावर आपल्याला मिळत नाही, मग तिचं मॅगझिन घरात कशासाठी आलं, हा प्रश्न ठाणेदार विचारणारच. ‘भंगारात मिळालं’, ‘साहेबांनी आठवण म्हणून दिलं’ ही उत्तरं तिथे चालत नाहीत. शस्त्र किंवा त्याचा भाग बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यालाही कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. म्हणून एमआयडीसीतल्या लेथवाल्या ओळखीच्याकडून ‘एक डबा वाकवून घेऊ’ हे बोलूसुद्धा नका. त्या बिचाऱ्यालाही अडकवाल. २०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्यात. वीस-वीस वर्षं इमानाने नोकरी केलेल्या जवानाची पेन्शनची वर्षं कोर्टाच्या तारखांत जावीत, आणि तीही एका फिरत्या मजकुरामुळे, हे मला सहन होत नाही.

तेव्हा जुनं असो, नवं असो, विकत घेताना परवान्याचं दुकान, परवान्याचा कारागीर आणि पावती. त्यानंतर तुमच्याच रायफलीत, तुमच्यासमोर, डमी राऊंडनी पाच-पाचच्या निदान चार फेऱ्या. एकही राऊंड अडला तर मॅगझिन परत.

नाईकाने दोन्ही मॅगझिनं पिशवीत घातली. फॅक्टरीच्या मॅगझिनवर मी खडूने फुली मारून दिली, जशी बेंचवर मारायचो. दुसऱ्या दिवशी तो लातूरला कारागिराकडे गेला. फुलीवाल्याच्या लिपा बघायला दिल्या, दुसऱ्याचा उजवा मागचा कोपरा दाखवला. संध्याकाळी त्याने मला पावतीचा फोटो पाठवला, त्यावर दोन्ही मॅगझिनची नोंद रायफलीच्या नंबरासकट होती.