आयोवा रॉम्नींनी नव्हे, सँटोरम यांनी जिंकलं

ओबामांची कामगिरी सांगणारा एक मजकूर सध्या फिरतोय. त्यात म्हटलंय, की २०१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत मिट रॉम्नी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ८ मतांनी जिंकले. हे चूक आहे. तो ३ जानेवारीच्या रात्रीचा कच्चा आकडा. तपासणीअंती त्यांचे प्रतिस्पर्धी रिक सँटोरम यांची मतं भरली २९,८३९ आणि रॉम्नींची २९,८०५, म्हणजे सँटोरम ३४ मतांनी पुढे. आठ मतदान केंद्रांचे कागदच सापडले नाहीत, म्हणून पक्षाने आधी विजेता सांगायचं टाळलं; नंतर सँटोरम यांचं नाव जाहीर केलं. पण तोवर रॉम्नींच्या विजयाचा गवगवा होऊन गेला होता, आणि सँटोरम यांच्यावर हा सरळ अन्याय झाला.

ओबामांचा आरोग्यविमा कायदा डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन अशा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला, हे त्याच मजकुरातलं विधानही खोटं. मार्च २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात तो २१९ विरुद्ध २१२ असा मंजूर झाला. बाजूने एकही रिपब्लिकन मत नव्हतं.