‘झेपेल एवढंच ओझं’ हे बायबलातलं नाही

आमच्या जालन्याकडच्या चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंचे यजमान दिवाळीच्या तोंडावर अचानक गेले. सोयाबीन पाण्यात सडलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, पदरात दोन शाळकरी पोरं. दफनविधीहून परतून तासही झाला नसेल, तोच ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र आलं. खाली लिहिलेलं : ‘देव आपल्याला झेपेल एवढंच ओझं देतो. जो खचतो त्याचा विश्वास कच्चा. देव त्यालाच मदत करतो, जो स्वतःला मदत करतो. – पवित्र शास्त्र.’ चाळीसेक जणांनी खाली हात जोडले. ताईंनीही जोडले.

त्या जोडलेल्या हातांमुळेच हे लिहावं लागतंय. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मलाही कळतं. पण खाली ‘पवित्र शास्त्र’ अशी सही ठोकली, की ते तपासावंच लागतं.

पहिलं वाक्य बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या ओळीवरून (1 करिंथ 10:13) आलंय. तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, तुमची परीक्षा तुमच्या शक्तीपलीकडे होऊ दिली जाणार नाही, तिच्यातून निभावण्याची वाटही देव काढील. घोटाळा ‘परीक्षा’ या शब्दानं केला. आपल्याकडे पाऊस हुकला, बैल मेला, दवाखाना मागे लागला, की ‘देव परीक्षा बघतोय’ म्हणायची रीत. पौलाचा विषय तो नाहीच. त्या अध्यायात वरती रानातले इस्राएली लोक आहेत, त्यांचं मूर्तीपुढे नाचणं, व्यभिचार, कुरकुर. लगेच पुढच्या ओळीत ‘मूर्तिपूजेपासून पळा’ आहे. म्हणजे बोलणं चाललंय पापाच्या मोहाबद्दल : मोह इतका मोठा नसतो की पडण्यावाचून इलाजच नाही.

आणि दुःखाच्या ओझ्याबद्दल? त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पहिलाच अध्याय उघडा, आठवी ओळ. आशिया प्रांतात आमच्यावर असं संकट आलं, की आम्ही आमच्या शक्तीपलीकडे दडपलो गेलो, जगण्याचीही आशा उरली नाही. शक्तीपलीकडे! हे तोच पौल, त्याच मंडळीला सांगतोय. का, तेही तो पुढे सांगतो : आम्ही स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भिस्त ठेवावी म्हणून. मेसेज माणसाची पाठ मोजतो आणि म्हणतो, पुरेल. पौल म्हणतो, पाठ पुरली नाही, आणि तिथेच देव भेटला.

‘खचतो त्याचा विश्वास कच्चा’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त टोचलं. मग मोशेचं काय करायचं? तो देवाला तोंडावर म्हणाला, या लोकांचा भार मला एकट्याला पेलवत नाही, यापेक्षा मला मारून टाक. देवानं त्याला विश्वास वाढव असं सुनावलं नाही. भार वाटून घ्यायला सत्तर वडील दिले. एलीया संदेष्टा झुडपाखाली आडवा पडून मरण मागत होता. त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर मिळाली, पाणी मिळालं, झोप मिळाली. दूत दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, ऊठ, खा, ही वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. ‘तुला झेपेल’ असं स्वर्गातून आलेला दूतसुद्धा म्हणाला नाही. आपण ग्रुपवर खुशाल म्हणतो. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशू मरणप्राय खिन्न झाला, आणि वधस्तंभ वाहायला वाटेत शिमोन कुरेनेकराला धरावं लागलं. प्रभूचाही विश्वास कच्चा होता का?

तिसऱ्या वाक्याला फार वेळ नको. ते बायबलात नाही. त्या अर्थाची गोष्ट इसापाच्या चिखलात रुतलेल्या गाडीवानाची, आणि इंग्रजीत ते घरोघरी नेलं बेंजामिन फ्रँकलिनच्या 1736 च्या पंचांगानं. आपलं ‘प्रयत्नांती परमेश्वर’ त्याच घरातलं. दहावीच्या पोराला सांगायला ठीक. रोमकरांस पत्रात मात्र उलटं आहे : आपण दुर्बळ होतो, तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला.

यावर एका काकांनी मला फोनवर विचारलं, ‘मग काय, कृपा कृपा म्हणत बाजेवर पडून राहायचं?’ काका, 2016 चा एप्रिल आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. लोकांना घागरी घेऊन टँकरपुढे उभं राहावंच लागलं. पण आपल्या घागरीनं पाणी आणलं, असं एकही लातूरकर म्हणाला नाही. पौलही राबायचाच. मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, असं लिहून तो लगेच पुढे जोडतो, मी नाही, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेनं.

पौलाच्या देहात एक काटा होता. काढ म्हणून तीनदा विनवलं. निघाला नाही. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे, अशक्तपणातच शक्ती पूर्ण होते. ही ओळ आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो आणि काटा राहिला होता हे विसरतो. काटा निघाल्याच्या साक्षी आपल्या सभांत खूप होतात. राहिलेल्या काट्याची साक्ष द्यायला कुणी उठलं, तर आपण घाईनं पुढचं गीत सुरू करतो.

गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहायला सांगितलंय. ताईंची कपाशी फुटून रानात उभी आहे आणि वेचणीला माणूस मिळत नाही. शनिवारी सकाळी सातला चर्चच्या फाटकाशी टेम्पो थांबेल. ज्या चाळीस जणांनी हात जोडले, त्यांनी कमरेला बांधायचं फडकं घरूनच आणावं.